जुन्या शाळेतले दिवे उतरवण्याआधी: नागपूरच्या शतकी इमारतींसाठी कामाचा क्रम

1861 मध्ये मध्य प्रांताची राजधानी नागपूर झाली आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत या शहरात सरकारी, मिशनच्या आणि खासगी संस्थांच्या शाळा-कॉलेजांच्या भरभक्कम इमारती उभ्या राहिल्या. दगडी जोतं, रुंद व्हरांडे, सोळा-अठरा फूट उंच छत. त्यांच्या कमानींबद्दल, दगडांबद्दल लोक कौतुकाने बोलतात. छताला लटकणाऱ्या दिव्यांकडे लक्ष जातं ते मात्र थेट रीवायरिंगचं काम निघतं तेव्हा. मे महिन्यात ठेकेदाराची पोरं येतात, दोन दिवसांत सगळं उतरवतात, पितळ वजनावर जातं, काच कोपऱ्यात फुटते. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, तोवर छताला पांढरे चौकोनी पॅनेल चिकटलेले असतात.

मुख्याध्यापक, संस्थेचे पदाधिकारी, माजी विद्यार्थी मंडळं यांच्या हातात असं काम आलं तर ते कोणत्या क्रमाने करावं, हे इथे लिहितो. माझं म्हणणं एवढंच की हे दिवे चकाकवण्यासाठी नाहीत, लावण्यासाठी आहेत. म्हणून आधी नोंद, मग वायर, मग टांगणी, मग काच, आणि हौस उरलीच तर शेवटी पितळ. बहुतेक ठिकाणी पॉलिशवाल्यापासून सुरुवात होते आणि पैसे तिथेच संपतात.

शिडीच्या आधी कपाट

पहिला दिवस कार्यालयात घालवा. जडवस्तू नोंदवही, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर, जितकं मागे जाईल तितकं बघा. ‘पितळी दिवे, काचेच्या हंडीसह’ अशी मोघम नोंद असली तरी नगांची संख्या आणि साल हाती लागतं. त्याच रजिस्टरात पुढे निर्लेखनाच्या, म्हणजे वस्तू बाद केल्याच्या, नोंदी असतात. काय कधी भंगारात गेलं आणि काय अजून स्टोअररूममध्ये असायला हवं, हे त्यावरून कळतं. शारीरिक शिक्षणाची खोली, रंगमंचाच्या मागची जागा, जिन्याखालचा अंधार, हे सगळं धुंडाळा. सुट्या हंड्या, हंडी धरणारी पितळी कडी आणि साखळ्यांचे तुकडे तिथेच निघतात.

दुसरा साठा फोटोंचा. शाळेचे जुने ग्रुप फोटो बहुधा पोर्चच्या पायऱ्यांवर काढलेले असतात, आणि वरच्या कडेला पोर्चमधला कंदील अर्धा तरी दिसतो. फोटोखाली वर्ष लिहिलेलं असतं. अशा दोन-तीन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की दिवा कधी बदलला, ते वर्ष चार-पाच वर्षांच्या फरकाने सांगता येतं.

मग प्रत्येक दिव्याला नंबर द्या. खोली, दिशा, क्रम: ‘7-पू-2’ म्हणजे सात नंबरच्या खोलीतला पूर्वेकडचा दुसरा. प्रत्येकाचे चार फोटो काढा: पूर्ण दिवा, छताजवळची वाटी, होल्डर, आणि काचेची कड. फोटोत फूटपट्टी दिसली पाहिजे. हे काम आठवी-नववीच्या मुलांकडून छान होतं. मोजमापाचे नकाशे हवे असतील तर शहरात व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचा आर्किटेक्चर विभाग आहे, वारसा जपणाऱ्या इन्टॅक संस्थेची नागपूर शाखा आहे. विचारायला हरकत नाही.

याच टप्प्यावर इमारत महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का, ते तपासा. असेल तर हेरिटेज संवर्धन समितीकडे आधी पत्र द्या. दर्जानुसार आतल्या बदलांवरही बंधन येऊ शकतं. इमारत सरकारी असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाशिवाय पान हलत नाही, हे वेगळं सांगायला नको.

काय लटकतंय, ते ओळखा

खिशात चुंबक ठेवा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळी मुलामा. नाही चिकटला तर पितळ किंवा जस्ताचं ओतकाम. जस्ताचं ओतकाम फार ठिसूळ असतं आणि उतरवताना तेच आधी तुटतं.

होल्डर बघा. आत चिनी माती आणि बाहेर पितळ असेल तर तो जुन्या घडणीचा. काळा किंवा तपकिरी बेकेलाइट असेल तर पुढचा, कारण बेकेलाइट जगासमोर आलंच 1909 मध्ये आणि शाळेच्या छतापर्यंत पोचायला त्याला आणखी बराच वेळ लागला. क्रोमियमचा चकचकीत मुलामा 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरचा. म्हणजे 1912 च्या इमारतीत क्रोमचा पायऱ्या-पायऱ्यांचा दिवा असेल तर तो मूळचा नाही, नंतरच्या दुरुस्तीत आला. पण तेवढ्यासाठी तो काढू नका. नव्वद वर्षं तिथे असलेला दिवाही त्या शाळेचाच.

काचेचे दोन प्रकार सर्रास सापडतात. एक दुधी हंडी, गोल किंवा तळाशी चपटी. 1913 च्या सुमारास वायू भरलेले टंगस्टनचे बल्ब आले. ते आधीच्या बल्बपेक्षा इतके प्रखर होते की उघड्या बल्बकडे बघवत नसे, म्हणून प्रकाश पसरवणाऱ्या बंद हंड्या शाळा-कचेऱ्यांत रुळल्या. दुसरा प्रकार उभ्या-आडव्या बारीक कंगोऱ्यांच्या पारदर्शक काचेचा. हे कंगोरे नक्षीसाठी नसतात. ते लोलकासारखे काम करून प्रकाश हव्या त्या दिशेला वळवतात. होलोफेन कंपनीच्या अशा काचेवर कडेजवळ नाव उठवलेलं असतं. बोट फिरवलं तर धुळीखालीही लागतं. सभागृहात किंवा प्राचार्यांच्या खोलीत पैलूदार काचेचं झुंबर असेल, तर बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचा छाप शोधून बघा. त्यांचं दालन कोलकात्यात होतं आणि त्यांचा माल देशभर जात असे.

छतातल्या कड्यांचीही नोंद घ्या. दोन सरळ रांगांत समोरासमोर कड्या दिसल्या तर त्या बहुधा दोरीने ओढायच्या जुन्या कापडी पंख्याच्या असतात. त्यांचा दिव्यांशी संबंध नसतो.

टेंडरमधली ओळ

हा भाग दोन मिनिटांत वाचून होईल, पण सगळ्यात जास्त दिवे इथेच वाचतात. रीवायरिंगच्या कामात ‘जुनं साहित्य काढून नेणे’ असं एक कलम असतं आणि त्या भंगाराची किंमत ठेकेदाराच्या दरात वजा धरलेली असते. कलम तसंच राहिलं तर दिवे नेणारा माणूस काहीच चूक करत नसतो. म्हणून काम काढतानाच लिहा: नंबर टाकलेले सर्व दिवे, काचा, कड्या, स्विच व लाकडी ब्लॉक शाळेच्या ताब्यात राहतील, उतरवताना शाळेचा प्रतिनिधी हजर असेल, फुटतूट झाल्यास त्याच दिवशी पंचनामा होईल. सोबत यादी आणि फोटो जोडा.

उतरवणं

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि कौलारू छताखाली, परांचीवर, त्याहून जास्त उकडतं. काम सकाळी सहा ते दहा. घामेजल्या हातांतून काच निसटते, म्हणून रबरी ठिपक्यांचे सुती हातमोजे द्या. शिडी नको, चाकांची परांची घ्या: एक माणूस दिवा धरायला, एक सोडवायला, खाली एक घ्यायला.

वीज बंद करताना भिंतीवरच्या स्विचवर विश्वास ठेवू नका. जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत जाणाऱ्या तारेवर, बसवलेला सापडतो. दिवा विझतो, होल्डरमध्ये वीज तशीच राहते. त्याहून फसवा प्रकार म्हणजे जुन्या बोर्डांवर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना फ्यूज असायचे. न्यूट्रलचा फ्यूज उडालेला असेल तर सगळं मेलेलं वाटतं आणि हात लावला की झटका बसतो. मेन बंद करा, कुलूप लावा, किल्ली परांचीवर चढणाऱ्याच्या खिशात. मग मल्टीमीटरने प्रत्येक होल्डर तपासा.

क्रम असा: आधी बल्ब, मग हंडी, मग दांडा किंवा साखळी, शेवटी छताजवळची वाटी आणि सागवानी ब्लॉक. हंडी तीन स्क्रूंवर बसलेली असते. तिघे थोडे थोडे, आळीपाळीने सैल करायचे. एकच पूर्ण काढला तर काच तिरपी होऊन कड उडते. गंजलेल्या स्क्रूवर पिचकारीने तेल सोडा आणि दुसऱ्या दिवशी या. हंडीत गांधीलमाश्यांचं पोळं नाही ना, हे आधी टॉर्च मारून बघा. ही गंमत नाही, अठरा फुटांवर माणूस दचकला तर काय होईल ते सांगायला नको.

दांड्याच्या बाबतीत एका शाळेतल्या जुन्या चपराशी काकांचं बोलणं इथे जसंच्या तसं देतो. वर चढलेल्या पोराला ते खालून सांगत होते, “खालचा नट नको धरू बाप्पा, वरचा धर. खालचा फिरवला का अख्खी हंडी हातात येते.” कारण दांड्याला दोन्ही टोकांना आटे असतात. खालचं टोक सैल झालं की कडं, होल्डर, काच सगळं एकदम सुटतं. वरून सोडवलं तर दिवा अख्खा खाली येतो आणि पुढचं काम टेबलावर होतं.

प्रत्येक दिव्याचे सुटे भाग त्याच नंबरच्या कापडी पिशवीत. स्क्रूसुद्धा. हंड्या खोक्यात उभ्या, मध्ये जुन्या चादरी. रद्दी कागद नको, शाई दुधी काचेला लागते.

वायर: इथे भावुक व्हायचं नाही

दिव्याच्या आतली जुनी वायर कितीही देखणी असली, तिच्यावर रेशमी-सुती वीण असली, तरी ती काढायचीच. आतलं रबर वयाने आणि छताजवळच्या उष्णतेने कडक होतं; वाकवलं की भुगा पडतो आणि तांबं उघडं राहतं. नमुन्याला वीतभर तुकडा नंबर लावून ठेवा. बल्बच्या अगदी जवळ पांढरट, तंतुमय आवरण दिसलं तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडू नका, ओलं करून पिशवीत बंद करा आणि जाणकाराला बोलवा.

नवी वायर तीन पदरी हवी, कारण पितळी अंग म्हणजे हात लागेल असा धातू आणि जुन्या दिव्यांना अर्थिंग जवळजवळ कधीच नसतं. दांड्याची नळी अरुंद असेल तर जाड गोल केबल ओढत बसू नका. टेफ्लॉनच्या आवरणाच्या तीन बारीक सुट्या वायरी सहज जातात. नळीचं तोंड आतून धारदार असतं. गोल कानसीने ती धार घासून बोथट करा आणि फायबरचा किंवा प्लास्टिकचा बुश बसवा. हे पाच मिनिटांचं काम टाळलं की वर्षभरात धारेवर वायर सोलली जाते आणि सगळं पितळ जिवंत होतं.

होल्डरची एक अडचण ठरलेली. जुन्या ब्रिटिश होल्डरचे आटे अर्धा इंच व्यासाचे, इंचाला 26. बाजारातले बरेच नवे भाग 10 मिलिमीटरचे. जबरदस्तीने बसवले की दोन फेरे बसतात आणि नंतर घसरतात. लेथवाल्याकडून पितळी जोड करून घ्या. मूळ पिन होल्डरची चिनी माती शाबूत आणि स्प्रिंग ताठ असतील तर तोच वापरता येतो, नाहीतर त्याचं पितळी कवच ठेवून आतला भाग नवा.

छतापर्यंतच्या वायरिंगसाठी परवानाधारक ठेकेदार आणि त्याचा सुपरवायझर लागतो, त्यात कसर नको. दिव्यांच्या सर्किटला 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, बोर्डवर 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि वीज सुरू करण्याआधी 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरचं आवरण तपासायच्या मीटरने, तपासणी. वाचन एक मेगाओहमच्या खाली आलं तर पुन्हा शोधा. जुनी लाकडी केसिंग-कॅपिंग पट्टी वाळवीने खाल्लेली नसेल तर भिंतीवर राहू द्या. तिच्यातून नवी वायर न्यायची की बाजूने पाइप टाकायचा, हे सुपरवायझरला ठरवू द्या. चुन्याच्या गिलाव्यात कटरने झिरी मात्र मारू देऊ नका. त्या झिरीत भरलेलं सिमेंट चुन्याला धरत नाही आणि पुढे पोपडे येतात.

टांगणी

कडी कशात रुतली आहे ते बघा. सागवानी तुळईत असेल तर लाकूड टोचून पाहा. लोखंडी गर्डर आणि विटांच्या लहान कमानींचं छत असेल तर वजन गर्डरवर यायला हवं, कमानीच्या विटेवर नाही. कापडी पंख्याच्या कडीवर दिवा टांगू नका.

दिवा वजन करून घ्या. पाच किलो भरला तर त्याच्या चौपट, वीस किलो वाळूची पिशवी कडीला एक दिवस-रात्र लटकवा. कडी हलली नाही, भोवतीचा गिलावा तडकला नाही, तर पुढे जा. शिवाय छतापासून दिव्याच्या पितळी कड्यापर्यंत स्टीलची बारीक दोरी वेगळी बांधा. सुटलाच दिवा तर तो तिच्यावर अडकेल. पंख्याच्या पात्यापासून अंतर ठेवा. वाऱ्याने डोलणारा दिवा स्वतःचेच आटे सैल करतो.

इथे एक मत स्पष्ट मांडतो, काही जणांना ते पटत नाही. मुलांच्या बाकांच्या बरोबर वर मूळ काच लावू नये. मूळ हंड्या पोर्च, सभागृहाच्या कडा, ग्रंथालय, कार्यालय इथे हलवा. वर्गात मूळ पितळ ठेवून त्याच मापाची पॉलिकार्बोनेटची दुधी हंडी बसवा. खालून फरक कळत नाही आणि पालकांच्या सभेत उत्तर देता येतं.

काच

सावलीत, प्लास्टिकच्या टबात तळाला टॉवेल घालून, कोमट पाणी आणि दोन थेंब भांडी घासायचा साबण. एका वेळी एकच हंडी. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकते. नागपूरच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी उकळतं असतं आणि जमिनीखालच्या टाकीचं गार, तेव्हा हाताने बघा. सोनेरी किंवा रंगीत पट्टा असेल तर अमोनियाचा क्लीनर लावू नका, पट्टा निघून येतो. शंका असेल तिथे ओला कापूस, बाकी काही नाही.

परत बसवताना स्क्रू बोटाने घट्ट करायचे आणि अर्धा फेरा मागे घ्यायचे. काच स्क्रूंच्या टोकांवर नुसती टेकलेली हवी. टोकाखाली सिलिकॉनची लहान टिकली चालते. कडेवरचे बहुतेक टवके अपघाताचे नसतात, ते कुणीतरी पक्कडने आवळलेल्या स्क्रूचे असतात.

पितळ

चिंच, पितांबरी, ब्रासो ही देवघराची साधनं आहेत. नक्षीच्या खाचांत त्यांची पांढरी पावडर बसते आणि ओल धरते. बफिंगच्या चाकावर तर दिवा देऊच नका. ते पितळ सोनं दिसतं खरं, पण उठावाच्या कडा विरघळल्यासारख्या होतात आणि ते पुन्हा येत नाही. मूळ दिव्यांवर कारखान्यातून लाखेचं पातळ लॅकर दिलेलं असे. कुठे कुठे ते अजून मधाळ थरासारखं शिल्लक असतं आणि ते राखण्याजोगं आहे.

मऊ ब्रश, साबणाचं पाणी, लगेच कोरडं पुसणं, एवढ्यानेच नव्वद टक्के दिवे देखणे होतात. हिरवट चट्टे बांबूच्या काडीने हळू खरवडा. ते कबुतरांच्या विष्ठेने येतात आणि कूलरच्या ओलीनेही. ज्या वर्गात खसच्या टट्ट्यांचा कूलर दाराशेजारच्या खिडकीऐवजी दिव्याच्या रेषेतल्या खिडकीत बसवला आहे, तिथलं पितळ आधी हिरवं पडतं. कूलर एका खिडकीने सरकवला तरी फरक पडतो. मग चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पातळ द्रावणाचा एक हात. आधी वरच्या, न दिसणाऱ्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर करून बघा.

ऑइलपेंटचे थर ही वेगळी कटकट. कुणी मोठा पाहुणा येणार म्हटलं की शाळेत जे स्थिर उभं असेल त्याला रंग बसतो, दिवेही सुटत नाहीत. जुन्या रंगांत शिसं असतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. रंग काढायचं रसायन लावून, ओल्यानेच, मुलं शाळेत नसताना.

उजेडाचा हिशेब

हे दिवे एकटे वर्ग उजळू शकत नाहीत, हे आकड्यांत बघा. वर्गात साधारण 300 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला 300 लुमेन उजेड, धरतात. 45 चौरस मीटरच्या खोलीत बाकांवर 13,500 लुमेन पोचायला हवेत. चार हंड्यांत 10 वॅटचे एलईडी बल्ब लावले तर एकूण 4,000 लुमेन, त्यातलेही काही काच खाते, काही उंच छताकडे जातात. 20 वॅटचे बल्ब कोंबून हे भरून निघत नाही. बंद हंडीत एलईडीचा ड्रायव्हर तापतो आणि बल्ब लवकर मरतो.

तेव्हा दोन वेगळी सर्किटं करा. अभ्यासाचा उजेड भिंतींच्या कडेने लावलेल्या साध्या, लांब एलईडी पट्ट्यांतून आणि फळ्यावरच्या वेगळ्या दिव्यातून येऊ द्या. हंड्यांत 7 ते 9 वॅट, 2700 ते 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे बल्ब, बंद दिव्यात चालतील असं पुडक्यावर लिहिलेले. पांढराशुभ्र 6500 चा बल्ब दुधी हंडीत लावला की ती दवाखान्यासारखी दिसते.

गेलेले दिवे

बारापैकी सातच उरले असतील तर सातही एका सलग जागी लावा, उदाहरणार्थ पूर्ण व्हरांडा. प्रत्येक खोलीत एक-एक विखरू नका. उरलेले करून घ्यायचे तर पितळी कडी आणि वाट्यांसाठी लांब जायला नको. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला आहे, नागपूरहून साठेक किलोमीटर. नमुना सोबत न्या, फोटोवर काम होत नाही. हंड्यांसाठी फिरोजाबाद, सुटे जुने भाग हवे असतील तर मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट. तिथे कड्याचा आतला व्यास मोजूनच काच घ्या, ‘बसेल साहेब’ यावर नाही. नव्याने केलेल्या प्रत्येक भागावर आतून वर्ष ठोकून घ्या, म्हणजे पुढच्याला मूळ कुठलं आणि नवं कुठलं यावर वाद घालावा लागणार नाही.

नंतर

वर्षातून दोनदा, शाळा उघडण्याआधी आणि दिवाळीच्या सुट्टीत, हंडी उतरवून धूळ पुसायची, स्क्रू आणि स्टीलची दोरी बघायची, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायचं. जडवस्तू नोंदवहीत प्रत्येक दिवा नंबरासह नव्याने चढवा आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘ऐतिहासिक, निर्लेखन करू नये’ असं मुख्याध्यापकांच्या सहीने लिहा. नंबरांचा नकाशा मेन बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, कारण पुढचा इलेक्ट्रिशियन रजिस्टर उघडणार नाही, बोर्ड मात्र उघडेलच. त्याच्या शेजारी एका डब्यात दोन जादा होल्डर, लेथवर केलेले जोड, मूठभर स्क्रू आणि ते करून देणाऱ्या लेथवाल्याचा फोन नंबर ठेवा.